म्युटेशन तेच, औषध तेच, मग एका कॅन्सरवर चालतं आणि दुसऱ्यावर का नाही?

"जीन टेस्ट केली, म्युटेशन सापडलं, त्यावरचं औषध दिलं की झालं" असं हल्ली सगळीकडे वाचायला मिळतं आणि दर वेळी मला बी-रॅफ आठवतं.

बी-रॅफ हे पेशीतलं एक प्रोटीन. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की तो रास, रॅफ (बी-रॅफ त्यातलंच एक), मेक, अर्क या प्रोटीनांच्या साखळीतून हातोहात केंद्रकापर्यंत पोचतो. म्युटेशनमुळे, म्हणजे जीनमधल्या बदलामुळे, बी-रॅफमधलं 600 नंबरचं अमिनो आम्ल बदललं की ते निरोप नसतानाही चालूच राहतं. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या पेशंटांत बी-रॅफ बिघडलेलं सापडतं. त्यालाच बंद करणारं व्हेमुराफेनिब 2011 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि म्युटेशनवाल्या निम्म्याएक पेशंटांच्या गाठी चांगल्याच आक्रसल्या. मग तेच म्युटेशन असलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर दिलं तर आकडा 5 टक्क्यांच्या आसपास!

कारण 2012 मध्ये उलगडलं आणि ते मला फार आवडतं. अर्क नुसता पुढे निरोप देत नाही, तो मागेही लगाम खेचतो, म्हणजे आपलं काम जोरात चालू असलं की वर पेशीच्या पडद्यावरच्या इजीएफआर या रिसेप्टरला, म्हणजे बाहेरचा निरोप झेलणाऱ्या प्रोटीनला, दाबून ठेवतो. औषधाने बी-रॅफ बंद झालं, अर्क थंडावला, लगाम सुटला, इजीएफआर जागा झाला, त्याने रासला उठवलं आणि रासने बी-रॅफचा भाऊ सी-रॅफ कामाला लावला, की मेक-अर्क परत सुरू! औषध आपल्या जागी घट्ट बसलेलं असतं तरी. मेलानोमाच्या पेशींवर इजीएफआर बहुतेक नसतोच, त्यामुळे तिथे ही पळवाट नाही.

अस्सल औषधाचंही पेशी बदलली की असं होतं, त्यामुळे 'सर्व कॅन्सरवर रामबाण काढा' असले फॉरवर्ड वाचून कोणी उपचार थांबवू नका, प्लीज.

मग आतड्याच्या कॅन्सरमध्ये बी-रॅफ आणि इजीएफआर अशा दोन्हीकडून अडवायचं ठरलं. बी-रॅफसाठी एन्कोराफेनिब, इजीएफआरसाठी सेटुक्सिमॅब, ही जोडी 2020 मध्ये मंजूर झाली. ट्रायलमध्ये सेटुक्सिमॅब आणि केमोने सुमारे 2 टक्के पेशंटांच्या गाठी आक्रसल्या होत्या, या जोडीने सुमारे 20 टक्के.

आणि अजून एक, जिथे बी-रॅफ धडधाकट आहे अशा त्वचेच्या पेशींत व्हेमुराफेनिब हाच मेक-अर्कचा रस्ता बंद करण्याऐवजी उलट चालू करतं, रॅफ जोडीने काम करतात आणि एकाला औषध चिकटलं की जोडीदार चेकाळतो, त्यातून काहींना त्वचेवर नव्या गाठी येतात. सोबत मेक बंद करणारं औषध दिलं की त्या कमी होतात.