गाडी ‘नवी करून घेणं’ म्हणजे रिस्टोरेशन नव्हे

‘आजोबांची फियाट रिस्टोअर करून घेतली, बघायला या’ असा निरोप आला की हल्ली मी आधी फोटो मागवतो. बहुतेक वेळा फोटोत तेच असतं. झगमगता मेटॅलिक लाल रंग, अलॉय व्हील, पुढची सलग सीट जाऊन तिथे दोन सुट्या बकेट सीट, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर खाली आलेला आणि डॅशबोर्ड कापून बसवलेली टचस्क्रीन. गाडी छान दिसते, पैसाही भरपूर ओतलेला असतो. पण ती आजोबांची गाडी राहिलेली नसते. याला रिस्टोरेशन, म्हणजे गाडी मुळात होती तशी पुन्हा उभी करणं, म्हणत नाहीत. ही गाडी नवी करून घेणं झालं. दोन्ही कामं त्याच गॅरेजमध्ये, त्याच हत्यारांनी, बऱ्याचदा त्याच माणसांच्या हातून होतात, म्हणून गल्लत होते. आणि एकदा गाडी नवी केली की मग रिस्टोरेशन करू म्हटलं तरी करता येत नाही, म्हणून ही गल्लत महागात पडते.

नवी करून घेणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला मी काय सांगणार. डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर, एसी, रुंद टायर. गाडी आज मला कशी हवी, एवढाच तिथला प्रश्न. बाजारातून हौसेनं जुनी गाडी घेणाऱ्यानं ती हवी तशी सजवावी, माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते घरातून चालत आलेल्या गाडीबद्दल. तशी गाडी पुन्हा मिळेल, पण तीच मिळणार नाही.

रिस्टोरेशनचा प्रश्न वेगळा असतो: ही गाडी कशी होती, आणि ते कशावरून म्हणता? गाडीचा मूळ रंग घरात कुणालाच नक्की आठवत नसतो. काका म्हणतात पांढरा होता, आत्या म्हणते आकाशी. उत्तर गाडीतच असतं. ग्लोव्ह बॉक्स काढून मागे बघा, दरवाजाचं आतलं कार्डबोर्ड उतरवा, डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. तिथे सहसा पुन्हा रंग मारलेला नसतो. तरी खात्री नसेल तर बॉनेटवर रुपयाएवढ्या जागी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल-गोल घासा. झाडाच्या खोडात दिसतात तशी वर्तुळं उमटतात: वरचा रंग, त्याखाली कुणीतरी मधेच मारलेला, त्याखाली आणखी एक, मग प्रायमर, मग पत्रा. प्रायमरला लागून असलेला रंग तुमचा. या कामाला पाच मिनिटं लागतात, आणि ती न देता लोक रंगांच्या कॅटलॉगमधून निवड करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता खरी अडचण सांगतो. रिस्टोरेशनच करायचं, असं मनापासून ठरवलेली माणसंही इथेच अडतात. गाडीत दोन तऱ्हेचं जुनेपण असतं, झीज आणि सड. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, दोन्हींकडे बघून ‘गाडी लई खराब झालीय’ असंच तोंडात येतं. पण झीज म्हणजे वापराची खूण. ती झाली तेवढी झाली, गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली की पुढे जात नाही. सड मात्र थांबत नाही. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही पत्रा गंजत असतो.

स्टिअरिंगच्या रिमवर डाव्या-उजव्या हाताच्या जागी तकाकी गेलेली असते, ती झीज. क्लचच्या पेडलचं रबर एका कोपऱ्यात जास्त खाल्लेलं असतं, कारण चालवणारा पाय तिरका ठेवायचा. ती झीज. स्पीडोमीटरच्या काचेवरचे चरे, चावीच्या भोकाभोवतीचे ओरखडे, ड्रायव्हरच्या दरवाजावर कोपर टेकून टेकून गुळगुळीत झालेली कड, हे सगळं झीज. यातलं एकही गाडीला मारत नाही.

दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत साठलेला गंज, तो सड. चाकाच्या कमानीच्या आत चिखल बसून भुगा झालेला पत्रा, पायाखालची चटई उचलल्यावर दिसणारं भोक, वायरींचं तडकलेलं कापडी आवरण, कडक झालेले ब्रेकचे होज (रबरी नळ्या), टाकीच्या तळाचा तपकिरी गाळ, ही सगळी सड. ही गाडीला मारते, आणि वाईट वेळ आली तर आत बसलेल्यालाही.

आणि आपल्याकडे नेमकं उलटं होतं. स्टिअरिंग बदलतात, डॅशबोर्ड बदलतात, सीट फेकतात, पेडलना स्टीलच्या पट्ट्या बसवतात. म्हणजे झीज सगळी पुसून टाकतात. आणि सडीवर पुट्टी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप, भरून, घासून, वर रंग मारतात. जे जायला हवं ते गाडीत राहतं, जे राहायला हवं ते भंगारात जातं. एवढा एक उलटेपणा लोकांनी सोडला तरी माझी निम्मी तक्रार मिटेल.

पुट्टीबद्दल माझं मत पक्कं आहे. सरळ केलेल्या पत्र्यावर शेवटचा पातळ हात म्हणून ती चालते. भोक बुजवायला अजिबात नाही. पुट्टी ओल धरते, तिच्याखाली गंज निवांत पसरतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. आपल्या पावसात तर लवकरच. तपासायला लोहचुंबक पुरतो. रंगाला चरा पडू नये म्हणून तो पातळ फडक्यात गुंडाळायचा आणि दरवाजाच्या खालच्या कडेनं सावकाश सरकवत न्यायचा. पत्र्यावर तो ओढ घेतो, हाताला कळतं. मधेच ओढ सुटली, चुंबक नुसताच घसरला, की तिथे पुट्टीचा जाड थर आहे. ‘रिस्टोअर केलेली’ म्हणून दाखवलेल्या गाड्यांत चाकाच्या कमानीपाशी ही ओढ सुटताना मी इतक्यांदा बघितलंय की आता तिथूनच सुरुवात करतो.

फियाट अकराशे, मग ती डुक्कर फियाट असो, डिलाइट असो की पुढची पद्मिनी, आणि अँबेसिडरही, या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. दरवाजाखालची ती पोकळ पट्टी शोभेची नाही, गाडीचं वजन तिच्यावर आहे. ती सडली तर गाडी मधून दबते, दरवाजे लागेनासे होतात, आणि मग डेंटर बिजागऱ्या ठोकून दरवाजा ‘बसवतो’. हा इलाज नव्हे. सडलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचा, त्याच जाडीचा पत्रा घडवून वेल्ड करायचा, पोकळीच्या आत मेण किंवा गंजरोधक सोडायचं आणि दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं उघडी ठेवायची. ही भोकं पुट्टीनं बुजवणाऱ्या माणसाला मी गाडी देत नाही. २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात जी गाडी पाण्यात उभी होती, तिच्या पोकळ्यांत गाळ आहेच असं धरून चाला, बाहेरून कितीही कोरडी दिसू दे.

मधली प्रकरणंही असतात. बंपरचं क्रोम ठिपके-ठिपके झालं असेल तर ती सडीची सुरुवात, प्लेटिंग करून घ्या. पण प्लेटिंगच्या आधी पत्रा घासतात, त्या बफिंगमध्ये कडा आणि अक्षरं घासून सपाट होणार नाहीत, यावर स्वतः उभं राहून लक्ष ठेवा. सीटचं रेक्झिन उसवलंय पण फाटलं नाही, तर शिवून घ्या. आतला काथ्या पीठ झालाय, तर तो बदला आणि वरचं रेक्झिन तेच ठेवा. रबराच्या बाबतीत मात्र दयामाया नाही. ब्रेकचे होज, व्हील सिलिंडरचे कप, पेट्रोलचे पाइप सगळे नवे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या ऊसपट्ट्याला त्याचं कौतुक आहे, ते असावंच, पण साठ-सत्तरच्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. इथेनॉल सोसणारे पाइप मागून घ्या. कुणी ‘ओरिजिनल’च्या हट्टापायी जुनं होज ठेवत असेल, तर त्यालाही झीज आणि सड यांतला फरक कळलेला नाही.

इंजिनावरून वाद फार होतात, पण गोष्ट साधी आहे. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक, झिजला तर तो थोडा मोठा कापून (रीबोअर करून) त्या मापाचा ओव्हरसाइझ पिस्टन घालणं ही बनवणाऱ्यानं आधीच धरून ठेवलेली दुरुस्ती आहे, त्यानं गाडीचं मूळपण कमी होत नाही. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणं ही दुरुस्ती नाही. एके काळी पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी ते केलं, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण आज कुणी ते नव्यानं करून वर रिस्टोरेशन म्हणू नये. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल मनाला येईल तसा करता येत नाही. इंजिन आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळले पाहिजेत, आणि डेंटरला चासी नंबराच्या पट्टीवर ग्राइंडर फिरवू देऊ नका. आणखी एक: वर्षानुवर्षं बंद असलेल्या गाडीला आल्या-आल्या स्टार्टर मारू नका. स्पार्क प्लग काढा, भोकांतून थोडं ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग हातानं इंजिन फिरतं का बघा.

कोल्हापूरची एक गोष्ट आहे जी फार थोड्या गावांकडे आहे. शिवाजी उद्यमनगरात तुम्ही तुटका भाग घेऊन गेलात की पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवून, ओतून, लेथवर फिरवून हवा तसा भाग हातात मिळतो. फाउंड्री आणि मशीन शॉपचं हे गाव आहे. मुंबईतले लोक कुर्ल्याच्या जुन्या बाजारात पद्मिनीचे भाग शोधत फिरतात, आपण बनवून घेतो. मला याचा अभिमान आहे. पण याच सोयीनं नुकसानही केलंय. ‘जुनं काय ठेवताय ह्यात, नवीन करून देतो की!’ हे वाक्य इथे प्रेमानं, मदत म्हणून म्हटलं जातं. आणि नुसतं बुशिंग, म्हणजे आतली झिजणारी कडी, बदलून आणखी वीस वर्षं चालला असता असा मूळ भाग त्या दिवशी भंगाराच्या ढिगात जातो. बनवता येतं म्हणून बदलायचं, हा नियम होऊ नये.

वारशाच्या गाडीत आणखी एक पेच असतो. आजोबांनी स्वतः बसवलेल्या गोष्टींचं काय करायचं? धुक्यासाठी लावलेले पिवळे दिवे, डॅशबोर्डवरची अंबाबाईची छोटी तसबीर, मागच्या खिडकीला आजीनं शिवलेले पडदे. यातलं काहीच फियाट बनवणाऱ्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेलं नव्हतं. काटेकोर रिस्टोरर म्हणेल, काढा. मी म्हणतो, ठेवा. शोरूममधल्या पहिल्या दिवसाची गाडी स्पर्धेत नेणाऱ्याला लागते. तुमच्या घराला हवी आहे ती तुमच्या घरात वापरलेली गाडी. वायरिंग धोक्याचं असेल तर ते नवं करा आणि दिवे तिथेच राहू द्या.

व्हिंटेज कुठल्या गाडीला म्हणायचं, हा गोंधळ त्या मानानं किरकोळ. जुन्या गाड्यांचे क्लबवाले व्हिंटेज म्हणतात ते साधारण १९१९ ते १९३० च्या गाड्यांना. दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची तीसच्या दशकातली मेबॅकसुद्धा त्या हिशेबात त्यानंतरची. सरकारी हिशेब वेगळा. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरू शकते. नवी नोंदणी २० हजार रुपये, पुढची ५ हजार, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. पण त्या नियमातली एक अट बघा: गाडी मूळ रूपात राखलेली हवी, मोठे फेरफार झालेले नकोत. म्हणजे नवी करून घेतलेली फियाट इथे अडू शकते. गाडी अजून आजोबांच्याच नावावर असेल तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करा. हे काम गॅरेजच्या आधीचं.

गॅरेजमध्ये गेल्यावर रंगानं सुरुवात करू नका. आधी पत्रा, मग ब्रेक आणि पेट्रोलची लाइन, मग वायरिंग, मग इंजिन, आणि रंग सगळ्यांत शेवटी. एस्टिमेटवर दोन ओळी लिहून घ्या. पहिली, वेल्डिंग झालेला प्रत्येक भाग पुट्टी आणि प्रायमर लागायच्या आधी मालकाला दाखवायचा. दुसरी, गाडीतून निघालेला प्रत्येक भाग, तुटका असला तरी, नाव लिहिलेल्या पिशवीत मालकाला परत द्यायचा. दुसरी ओळ वाचून ‘भंगार घेऊन काय करणार?’ असं कुणी विचारलं, तर दुसरं गॅरेज बघा.