काचेआडचं ऊन

"घोरपडीला काय, एक हीटर लावला की झालं!" कोमोडो ड्रॅगनच्या पिंजऱ्यापुढे कुणीतरी हे बोलतंच. घोरपडीपुरतं त्याचं बरोबर आहे. इंडोनेशियातल्या मोजक्या बेटांवर राहणारा हा तीन मीटरपर्यंत वाढणारा प्राणी आपल्या घोरपडीच्याच कुळातला. हीटरचं मात्र चुकलं, नुसती ऊब त्याला पुरत नाही.

१९९२ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात कोमोडोची १३ पिल्लं अंड्यांतून बाहेर आली. इंडोनेशियाबाहेर असं पहिल्यांदाच घडत होतं. पुढे रक्त तपासल्यावर कळलं, की छपराखाली ठेवलेल्या कोमोडोंमध्ये ड जीवनसत्त्व रानातल्या भाऊबंदांपेक्षा बरंच कमी आहे. अख्खं भक्ष्य खायला मिळत असूनही!

आता जरा रसायनशास्त्र. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. त्वचेत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा रेणू असतो. २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण, म्हणजे यूव्हीबी, त्यावर पडले की त्याच्या चार कड्यांपैकी एक कडं उघडतं आणि पूर्व-ड३ तयार होतं, म्हणजे ड३ या ड जीवनसत्त्वाच्या रूपाच्या आधीची पायरी. हे अजून ड३ नव्हे. पुढचं काम उष्णतेचं. कुठल्याही विकराशिवाय (एन्झाइमशिवाय), निव्वळ उबेने रेणूतला एक हायड्रोजन जागा बदलतो आणि मग ड३ मिळतं. गार त्वचेत हे फार रेंगाळतं. म्हणून किरण आणि ऊब एकाच जागी हवेत. गंमत म्हणजे याला ब्रेकही आहे. ऊन जास्त झालं तर पूर्व-ड३ स्वतःच यूव्हीबी शोषून ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल या निरुपयोगी रेणूंत बदलतं. त्यामुळे उन्हाने ड३चा अतिरेक होत नाही, गोळ्यांनी होऊ शकतो. पुढे यकृत आणि मूत्रपिंड या ड३ला कामाचं रूप देतात. ते नसेल तर आतडं पुरेसं कॅल्शियम शोषत नाही, शरीर ते हाडांतून ओढतं, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात.

साधी काच उजेड आत सोडते, यूव्हीबी जवळपास सगळे अडवते. काचेच्या छताखालचं लख्ख ऊन या कामापुरतं खोटंच. (बाळाला बंद खिडकीशी कोवळ्या उन्हात धरणाऱ्यांनीही हे ऐकावं. आणि खिडकी उघडली तरी सकाळी सातच्या तिरप्या किरणांतले बहुतेक यूव्हीबी वाटेतच ओझोन गिळतो.) म्हणून काही ठिकाणी छताला ईटीएफई हे यूव्हीबी आत सोडणारं पारदर्शक प्लास्टिक लावतात. इंग्लंडमधल्या ईडन प्रोजेक्टचे फुगीर घुमट त्याचेच.

छत बदलणं शक्य नसेल तर यूव्हीबीचे आणि उबेचे दिवे. पण मोठ्या प्राण्यावर उबेचा एकच दिवा लावला तर पाठीच्या मध्यावर चटका बसतो आणि बाकी अंग गारच राहतं. ऊब कमी म्हणून प्राणी हलत नाही आणि भाजतो. त्यामुळे अख्खी पाठ शेकेल असे अनेक दिवे लावावे लागतात.

एवढा खटाटोप एका घोरपडीसाठी. आणि आपल्याकडे तिच्याच कुळातल्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय 'हत्थाजोडी' नावाचं दुर्मीळ मूळ म्हणून विकलं जातं. लोक लक्ष्मी येईल म्हणून ते तिजोरीत ठेवतात. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा येऊ शकतो तो वनखात्याचा माणूस.

यूव्हीबीच्या दिव्यांची आणखी एक खोड. दिसायला लख्ख पेटलेल्या नळीतले यूव्हीबी महिन्यांगणिक घटत जातात, आणि आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून प्राण्याची पाठ जिथे येते तेवढ्या उंचीवर यूव्हीबी मीटर धरून मोजायचं, आणि दिवा पेटत असला तरी वेळ आली की बदलायचा.