'आवडतेस' म्हणायला इतका उशीर का? जपानी प्रेमकथांची पार्श्वभूमी

जपानी शाळेतल्या प्रेमकथेत एक प्रसंग ठरलेला असतो. शाळेची गच्ची, नाहीतर इमारतीमागची मोकळी जागा. दोघांतलं एक जण मान खाली घालून म्हणतं, 'सुकी देसु'. इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचं 'आय लव्ह यू' होतं आणि अर्धी गंमत तिथेच जाते. 'सुकी' म्हणजे 'आवडतेस' किंवा 'आवडतोस'. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' यासाठी 'आइशितेरु' हा वेगळा, जड शब्द आहे आणि तो सहसा कुणी तोंडातून काढत नाही. मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, आपल्या भाषेत तो जसाच्या तसा आहे.

या कबुलीला 'कोकुहाकु' म्हणतात. तिच्या पाठोपाठ येतं 'त्सुकिआत्ते कुदासाइ', म्हणजे आपण जोडी व्हायचं का. होकार आला की त्या दिवसापासून दोघं जोडी. मधलं 'तसं काही नाही, नुसतेच मित्र' खातं बंद. त्यामुळे कथेत कबुलीला उंबरठ्याचं महत्त्व येतं, आणि तो उंबरठा किती उशिरा ओलांडायचा यावर मांगाचं, म्हणजे मासिकात क्रमशः येणाऱ्या जपानी चित्रकथेचं, अर्धं यशापयश ठरतं. उशिराचं कारण पात्रांच्या मनात असेल तर वाचक पंधरा खंड सुखाने थांबतो. कारण मासिकाच्या कचेरीत असेल तर ते त्याला चौथ्या खंडातच कळतं. ही कचेरी कथेत कशी शिरली, ते पाहू.

मुलींसाठीची मासिकं जपानमध्ये मांगाच्या आधीची. 'शोजो सेकाइ' 1906 मध्ये निघालं, 'शोजो नो तोमो' 1908 मध्ये. योशिया नोबुको यांच्या फुलांच्या नावांच्या कथा 1916 पासून येऊ लागल्या. त्यांत मुलींच्या शाळा, वसतिगृहं, मैत्रिणींमधली हळवी, बोलून न दाखवलेली ओढ. नाकाहारा जुनइचि यांनी काढलेल्या मुलींचे डोळे मोठे आणि पाणीदार. आज ज्या डोळ्यांना लोक 'ॲनिमेचे', म्हणजे जपानी ॲनिमेशनचे, डोळे म्हणतात त्यांची एक मुळी इथे आहे. युद्धानंतर तेझुका ओसामु यांचं 'रिबोन नो किशी' 1953 मध्ये सुरू झालं, 'नाकायोशी' आणि 'रिबोन' ही मासिकं 1954-55 च्या सुमारास आली आणि 1963 मध्ये 'मार्गारेट' साप्ताहिक. त्या काळात मुलींसाठी चित्रं काढणारे बहुतेक पुरुषच होते. साठच्या दशकाच्या शेवटी बायका मोठ्या संख्येने आल्या आणि पानाचं रूपच बदललं.

हागिओ मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको या लेखिकांना शोवा 24 म्हणजे 1949 च्या आसपास जन्मल्यामुळे 'चोविसाव्या वर्षाचा गट' म्हणतात. त्यांच्या हातात रूढ झालेली पानाची मांडणी जवळून बघण्यासारखी आहे. वरच्या पट्टीत तो चपलांच्या कपाटाशी उभा, दुरून, पाठमोरा. मधे तिचा चेहरा, पण त्याला चौकटच नाही. केस पानाच्या कडेबाहेर गेलेले, मागे फुलं किंवा विरत जाणाऱ्या ठिपक्यांची छटा. तिच्या मनातलं वाक्य फुग्यात बसवलेलं नाही, तीन तुकडे करून वरून खाली सोडलेलं. खाली कोपऱ्यात छोटी चौकट, तीत फक्त हात, दप्तराचा पट्टा आवळलेला. पुढच्या पानावर कदाचित काहीच नाही, कोरी जागा. किती थांबायचं ते वाचक ठरवतो. 1972-73 मधलं इकेदा रियोको यांचं 'बेरुसाइयु नो बारा' साप्ताहिकात चालूनही प्रेमाला आणि फ्रेंच राज्यक्रांतीला एकाच पानावर पेलू शकलं, त्यात या मांडणीचा वाटा मोठा आहे.

त्याच दशकात 'रिबोन'मध्ये दुसरा साचा पक्का झाला. मुलगी स्वतःला सामान्य, वेंधळी समजते. तिला आवडणारा मुलगा शेवटी म्हणतो, तू आहेस तशीच मला आवडतेस. मुत्सु ए-को, ताचिकाके हिदेको, ताबुचि युमिको ही यातली मोठी नावं. हा साचा छोट्या कथेत चपखल बसतो, आणि तिथे कबुली शेवटच्या पानावरच हवी. खोट पुढे आली. तोच सांगाडा वीस-पंचवीस खंडांवर ताणला की मधली सगळी पानं गैरसमज, आजारपण, सहल आणि अचानक उगवलेली बालमैत्रीण यांनी भरावी लागतात. आपल्या संध्याकाळच्या मालिकांत लग्न जसं मांडवापर्यंत येऊन सहा महिने अडतं, तसंच.

मुलांच्या साप्ताहिकांनी या ताणण्याला शिस्त लावली. ताकाहाशी रुमिको यांचं 'उरुसेइ यात्सुरा' 1978 मध्ये 'शोनेन संडे'त आलं, आदाचि मित्सुरु यांचं 'टच' 1981 मध्ये. आठवड्याला साधारण 18 ते 20 पानं. 'शोनेन जंप'सारख्या साप्ताहिकात वाचकांनी पाठवलेल्या पसंतीच्या कार्डांवर कथेचं आयुष्य ठरतं. घसरलेली कथा काही महिन्यांत बंद, चढलेली कथा संपवायला संपादक नाखूश. म्हणजे लेखकाला कथा किती लांब होणार हे सुरुवातीला माहीतच नसतं. प्रेमकथेसाठी हे फार अडचणीचं. मारामारीच्या कथेत नवा शत्रू आणता येतो, प्रेमकथेत नवी मुलगी आणावी लागते.

तरी याच पद्धतीतून, प्रौढ वाचकांच्या 'बिग कॉमिक स्पिरिट्स'मध्ये, 'मेझोन इक्कोकु' (1980-87, 15 खंड) निघालं. त्याच वर्षांत ताकाहाशी 'उरुसेइ यात्सुरा'ही काढत होत्या, हे लक्षात घेतलं की छाती दडपते. इक्कोकु-कान ही जुनी लाकडी वास्तू म्हणजे आपली चाळच: भिंतीपलीकडून डोकावणारे शेजारी, दुसऱ्याच्या खोलीत बसून दारू पिणारे, अर्धं ऐकून पूर्ण अफवा करणारे. गोदाइ हा प्रवेश परीक्षेत नापास झालेला भाडेकरू. क्योको ही व्यवस्थापक, लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली. नवऱ्याचं नाव सोइचिरो, आणि आता तिच्याकडे असलेल्या कुत्र्याचंही तेच. गोदाइ तिला वर्षानुवर्षं 'कानरिनिन-सान' म्हणतो, म्हणजे 'व्यवस्थापकबाई'. जपानीत आडनावावरून नावावर येणं ही कबुलीइतकीच मोठी पायरी असते. 'अहो'वरून 'अरे'वर आलेल्या कुणालाही ते कळेल.

गैरसमज इथेही ढिगाने आहेत आणि मधल्या काही खंडांत ते जास्तच होतात. पण उशिराचं खरं कारण गैरसमज नाही. दुसऱ्याला हो म्हटलं तर पहिल्याशी बेइमानी होईल, ही क्योकोची भीती आहे आणि ती एका प्रकरणात मिटणारी नाही. शिवाय कथेतला काळ छापील काळाबरोबर चालतो: गोदाइ कॉलेजात जातो, नोकरी शोधतो, हरतो, मुलं सांभाळायचं काम शिकतो. अखेर तो सोइचिरोच्या कबरीपाशी जाऊन त्याला सांगतो की तिच्या मनात तू आहेस, तर मी तिला तुझ्यासकट स्वीकारतो, आणि क्योको ते ऐकते. पंधरा खंडांचा उशीर त्या एका जागी फिटतो.

1994 मध्ये कोनामीचा 'तोकिमेकी मेमोरियल' हा गेम आला. खेळणारा तीन वर्षं शाळेत काढतो, अभ्यास, खेळ, दिसणं यांचे गुण सांभाळतो, आणि नीट खेळला तर शाळा संपण्याच्या दिवशी एका दंतकथेतल्या झाडाखाली मुलगी येऊन कबुली देते. अशा खेळांत मुलगी म्हणजे एक वाट. एकदा हिची, पुढच्या वेळी तिची. नायक मुद्दाम पुसट ठेवलेला, कारण त्याच्या जागी खेळणारा बसणार असतो. पुढच्या काळातल्या एका मुलाभोवती पाच मुली फिरणाऱ्या मांगांवर या खेळांची छाप स्पष्ट आहे. त्यांतल्या नायकाला इतकं साधं काही कळत कसं नाही, या रागाचं मूळ इथे आहे: त्याला कळलं तर बाकीच्या चार वाटा बंद होतात. 'निसेकोइ' (2011-16, 25 खंड, 229 प्रकरणं) याचं ठळक उदाहरण. लहानपणीचं वचन, नायकाच्या गळ्यातलं कुलूप आणि एकाहून जास्त मुलींकडे किल्ल्या. कल्पना छान, पण किल्ली लागायची वेळ आली की ती तुटणार किंवा कुणीतरी येणार, हे पाच-सहा खंडांत पाठ होतं. आतषबाजीच्या आवाजात बुडालेली कबुली ही याच घरातली. 'बोकुताचि वा बेन्क्यो गा देकिनाइ'ने (2017-20) मात्र लाज न बाळगता पाचही मुलींचे वेगवेगळे शेवट छापले. पळवाट म्हणा हवं तर, पण निदान प्रामाणिक.

आता ॲनिमे. तिथलं दुखणं बहुतेक वेळा साध्या भागाकाराचं असतं. एक हंगाम म्हणजे 12 किंवा 13 भाग. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिटाचं, ते वजा जाता भागात वीस-एकवीस मिनिटं उरतात. एवढ्यात साधारण चार-पाच खंड नीट बसतात. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी असे भांडवल घालणारे मिळून निर्मिती-समिती करतात, आणि प्रकाशकाच्या दृष्टीने ॲनिमे ही चालू मांगाची जाहिरात असते. कथा संपवण्याची घाई त्याला नसते. 'आओ हारु राइड' 13 खंडांचं, ॲनिमे 12 भागांचं; ते अर्ध्यावरही पोचत नाही. 'होरिमिया'त उलटं झालं. 2021 मध्ये 16 खंड 13 भागांत कोंबले. मूळ वेबवरच्या हलक्याफुलक्या चौकटींतून वाढलेली ही कथा. कबुली लवकर उरकून रोजच्या सहवासात रमणं हीच तिची मजा, आणि नेमके तेच प्रसंग गळाले. 2023 मध्ये ते गळालेले प्रसंग घेऊन आणखी 13 भाग काढावे लागले.

'फ्रुट्स बास्केट'चा इतिहास तर धड्यासारखा आहे. 2001 चं ॲनिमे 26 भागांचं, आणि मांगा तेव्हा निम्मीही झाली नव्हती. ती 23 खंडांवर 2006 मध्ये संपली. त्यामुळे कथेतल्या घराण्याचा प्रमुख आकितो जुन्या ॲनिमेत पुरुष म्हणूनच राहिला. मांगात ती बाई असल्याचं उघड होतं आणि आधीची सगळी क्रूरता वेगळ्या अर्थाने परत वाचावी लागते. 2019 ते 2021 मध्ये नव्या संचासह 63 भागांत पूर्ण कथा आली. 'उसागी ड्रॉप'मध्ये मात्र अर्ध्यावर थांबणंच फायद्याचं ठरलं. ॲनिमे लहान रिन आणि तिला वाढवणारा दाइकिचि यांच्यापाशी संपतं. मांगा दहा वर्षं पुढे उडी मारून त्या दोघांच्या लग्नाकडे जाते, आणि तिथे बरेच वाचक उठून गेले.

दुसरी अडचण चित्राची. पानावरची कोरी जागा पडद्यावर आली की नुसता थांबलेला पडदा होतो, वर पियानो. दिग्दर्शक देझाकि ओसामु यांनी 1973 च्या 'एस वो नेराए'मध्ये आणि 1979 च्या 'बेरुसाइयु नो बारा'च्या उत्तरार्धात यावर तोड काढली. क्षण शिगेला पोचला की हलतं चित्र थांबवून त्या जागी रंगवलेलं, जाड रेघांचं स्थिर चित्र ठेवायचं. किंवा तीच हालचाल लागोपाठ तीनदा दाखवायची. 1998 च्या 'कारेकानो'त आन्नो हिदेआकि यांनी पुढची मजल मारली: पडद्यावर मनातली वाक्यं नुसती अक्षरांत, मांगाच्या चौकटी तशाच, आणि एका भागात तर काठीला लावलेल्या कागदी बाहुल्या. पैसे कमी आणि वेळ कमी हे दिसतं, पण मनातलं बोलणं पडद्यावर आणण्याची खटपटही दिसते.

'कारेकानो'त कबुली सुरुवातीलाच उरकते. पुढे 'कागुया-सामा'ने (2015-22) उशिरालाच खेळ केलं: जो आधी कबूल करेल तो हरला, असं दोघांनीच मनाशी ठरवलेलं. 'तोनिकाकु कावाइइ'त 2018 मध्ये लग्न पहिल्याच प्रकरणात. आणि 'किमि नि तोदोके'ची सावाको आणि काझेहाया 2011 च्या दुसऱ्या हंगामात एकदाची बोलली. पुढचा हंगाम यायला 2024 उजाडलं, आणि तेरा वर्षांनी त्याने जिथून सुरुवात केली ते होतं जोडी झाल्यावरचं अवघडलेपण.