न विरघळणारे टाके

शरीरातील विकरे किंवा पाणी ज्यांचे काही आठवड्यांत विघटन करू शकत नाहीत, अशा धाग्यांनी घातलेल्या टाक्यांना न विरघळणारे टाके म्हणतात. रेशीम, नायलॉन, पॉलिप्रोपिलीन, पॉलिएस्टर आणि पोलादी तार हे त्यांचे नेहमीचे प्रकार होत. धागा आपोआप जात नाही, हाच त्याचा गुण आणि हाच धोका: कातडीवरचा टाका कोणीतरी वेळेवर काढावा लागतो, आणि आतला टाका कायम राहणार हे धरूनच घालावा लागतो.

सुश्रुताने टाक्यांसाठी अश्मंतकाची, म्हणजे दसऱ्याला सोने म्हणून ज्याची पाने वाटतात त्या आपट्याची साल, ताग व जवस यांचे सूत आणि केस सांगितले आहेत. आजचे शस्त्रक्रियेचे रेशीम तुतीवरच्या किड्याचे असते, भंडारा-गडचिरोलीकडच्या टसरचे नव्हे. त्यातील डिंक काढून पीळ विणतात व वर मेण किंवा सिलिकोनचा लेप देतात. त्याला न विरघळणारे म्हणतात खरे, पण शरीरात त्याची ताकद साधारण वर्षभरात बहुतांशी जाते. नायलॉनचीही दरवर्षी सुमारे १५ ते २० टक्के घटते. म्हणून रक्तवाहिनी जोडताना पॉलिप्रोपिलीन, तर हृदयाची झडप बसवताना पॉलिएस्टर पसंत करतात.

विणलेल्या धाग्याची गाठ चांगली बसते, पण त्याच्या पिळांमधून दिव्याच्या वातीसारखा द्रव चढतो आणि त्याबरोबर जंतूही; म्हणून मळलेल्या जखमेत रेशीम टाळावे. एकपदरी नायलॉन किंवा पॉलिप्रोपिलीन अशा ठिकाणी बरे, मात्र ते ताठ व निसरडे असल्याने दोन फेऱ्यांवर थांबल्यास गाठ सुटते. फेरे आलटूनपालटून उलट दिशेने, सपाट बसवावेत. धागा चिमट्याच्या दातांत धरल्यास तो चेपतो आणि नंतर नेमका तिथेच तुटतो. गाठ आवळण्याचा मोह नवशिक्याला फार असतो. जखमेची सूज पुढच्या दिवसांत वाढते आणि घट्ट टाका कातडीचा रक्तपुरवठा तोडतो. मूत्रमार्ग आणि पित्तमार्ग यांच्या पोकळीत हे धागे उघडे राहू देऊ नयेत, कारण क्षार साचून त्यांच्याभोवती खडा तयार होतो.

नागपुरात संक्रांतीच्या सुमारास मांजाने कापलेले गळे, हनुवट्या आणि बोटे रुग्णालयांत येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो. जखम करणारा आणि ती शिवणारा धागा पुष्कळदा एकाच कुळातले असतात, हा विचित्र योग आहे. अशी जखम बारीक दिसली तरी खोल असू शकते: बोट हलवून कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) शाबूत आहे का ते पाहावे, काचेची भुकटी भरपूर पाण्याने धुवावी, धनुर्वाताची लस विचारावी आणि मगच टाका घालावा.

धाग्याचे वेष्टन फाटलेले, ओलसर किंवा मुदत संपलेले असल्यास तो वापरू नये. उघडलेला उरलेला धागा पुन्हा उकळून वापरणे धोक्याचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवलेला साठा वेष्टनावर लिहिलेल्या तापमानात राहत नाही. वापरलेली सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, तर रक्ताळलेला धागा पिवळ्या पिशवीत जातो.

चेहऱ्यावरचे टाके सामान्यतः ३ ते ५ दिवसांत, डोक्यावरचे ७ ते १० आणि हातापायांवरचे १० ते १४ दिवसांत काढतात. मधुमेही किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात अधिक थांबावे लागते. उशीर झाल्यास रुळांसारखे व्रण उरतात. काढताना धागा कातडीलगत कापावा, म्हणजे बाहेरचा मळका भाग जखमेतून ओढला जात नाही. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांमध्ये गडचिरोली, गोंदिया, शिवाय मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याहूनही रुग्ण येतात आणि त्यांतले अनेक टाके काढायला गावाजवळच्या आरोग्य केंद्रात जातात. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर किती टाके घातले, कोणत्या धाग्याचे आणि कोणत्या तारखेला काढायचे हे लिहिणे अत्यावश्यक आहे. ‘टाके काढा’ एवढ्यावरून तिथल्या परिचारिकेला केसांत लपलेला शेवटचा टाका सापडत नाही.