मध्यम उत्पन्नाच्या वृद्धांची दीर्घकालीन शुश्रूषा (अमेरिका)
वार्धक्य, स्मृतिभ्रंश किंवा जुनाट आजार यांमुळे परावलंबी झालेल्या व्यक्तीला अंघोळ, कपडे, जेवण, शौच यांसारख्या नित्याच्या क्रियांत दीर्घकाळ लागणारी मदत म्हणजे दीर्घकालीन शुश्रूषा होय. अमेरिकेत या शुश्रूषेचा खर्च मध्यम उत्पन्नाच्या वृद्धांना सर्वाधिक अडचणीत टाकतो, कारण त्यांची शिल्लक सरकारी मदतीच्या मर्यादेपेक्षा जास्त, पण प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने तोकडी असते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार 2029 पर्यंत या गटात 75 वर्षांवरील सुमारे 1 कोटी 44 लाख लोक असतील आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना शुश्रूषेची सोय असलेले वृद्धनिवास परवडणार नाहीत.

2023 च्या एका देशव्यापी पाहणीत नर्सिंग होममधील, म्हणजे चोवीस तास शुश्रूषा देणाऱ्या निवासी संस्थेतील, स्वतंत्र खोलीचा मध्यक वार्षिक खर्च 1,16,800 डॉलर, तर असिस्टेड लिव्हिंगचा, म्हणजे नित्याच्या कामांत मदत मिळणाऱ्या वृद्धनिवासाचा, 64,200 डॉलर आढळला. वृद्धांसाठीची मेडिकेअर ही आरोग्य विमा योजना हा खर्च उचलेल, अशी अनेक कुटुंबांची समजूत असते. प्रत्यक्षात सरकार थेट चालवते त्या मूळ मेडिकेअरमध्ये किमान तीन दिवस रुग्णालयात दाखल राहिल्यानंतर कुशल उपचारांची गरज असल्यासच एका आजारपणात जास्तीत जास्त 100 दिवसांचे नर्सिंग होमचे संरक्षण मिळते. त्यातही 21 व्या दिवसापासून रुग्णाला दररोज ठरावीक रक्कम भरावी लागते. केवळ अंघोळ घालण्यासाठी किंवा देखरेखीसाठी माणूस हवा असेल, तर त्याचा खर्च ही योजना देत नाही.

हा भार खऱ्या अर्थाने पेलते ती 1965 साली मेडिकेअरसोबतच अस्तित्वात आलेली मेडिकेड योजना. मात्र ती अल्प उत्पन्न आणि नाममात्र मालमत्ता असणाऱ्यांसाठी आहे. बहुतेक राज्यांत एकट्या अर्जदाराची, राहते घर सहसा वगळून मोजली जाणारी मालमत्ता दीर्घकाळ 2,000 डॉलरच्या मर्यादेत असावी लागत आली आहे, आणि अर्जापूर्वीच्या 60 महिन्यांत मालमत्ता मुलांच्या नावे केली असल्यास काही काळ मदत नाकारली जाते. परिणामी आयुष्यभर काटकसरीने साठवलेली पुंजी आधी संपवावी लागते. त्यानंतर नर्सिंग होममधील रहिवाशाचे जवळजवळ सारे उत्पन्न तेथील खर्चात वळते होते आणि केस कापणे, कपडे, फोन अशा वैयक्तिक गरजांसाठी त्याच्या हाती लहानशी रक्कम उरते. संघीय कायद्यानुसार ती महिना किमान 30 डॉलर असून अनेक राज्ये त्याहून अधिक देतात. घरी राहिलेल्या जोडीदाराला कंगाल होण्यापासून वाचवणाऱ्या तरतुदी 1988 च्या कायद्याने आल्या. मात्र 1993 पासून लाभार्थीच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतून, अनेकदा राहत्या घरातून, खर्चाची वसुली करणे राज्यांवर बंधनकारक आहे. मदत हवी असेल तर आधी निर्धन व्हावे, ही अट या व्यवस्थेचा सर्वांत कठोर भाग आहे.

खासगी विम्याने ही पोकळी भरून निघालेली नाही. पॉलिसी मध्येच सोडून देणाऱ्यांचे प्रमाण विमा कंपन्यांनी गृहीत धरल्यापेक्षा फारच कमी निघाले, म्हणजे लाभ मागणारे वाढले; व्याजदर घसरले आणि प्रत्येक दाव्यापोटी पैसे देत राहण्याचा काळ लांबला. त्यामुळे जुन्या ग्राहकांचे हप्ते निवृत्तीनंतर वाढवण्यात आले आणि बहुतेक कंपन्यांनी नव्या पॉलिसी विकणे थांबवले. 2010 च्या आरोग्य सुधारणा कायद्यातील ऐच्छिक सार्वजनिक विम्याची क्लास योजना आर्थिकदृष्ट्या टिकणार नाही असे दिसल्याने सुरूच झाली नाही आणि 2013 च्या प्रारंभी रद्द झाली. वॉशिंग्टन राज्याने मात्र जुलै 2023 पासून वेतनातून 0.58 टक्के कपात करून सक्तीचा सार्वजनिक विमा सुरू केला. त्याचा मूळ आजीवन लाभ 36,500 डॉलर असून तो नर्सिंग होमच्या काही महिन्यांनाच पुरतो. घरी येणाऱ्या मदतनिसासाठी वापरल्यास तो अधिक काळ टिकतो.