चित्रांतल्या गाऊनवरून बाहुलीचे ड्रेस शिवणं

जुन्या युरोपियन पेंटिंगमधल्या बायकांचे गाऊन नीट न्याहाळायचे आणि तसाच ड्रेस बाहुलीच्या मापात शिवायचा, असा हा हौशी शिवणकामाचा प्रकार. बाहुली बहुतेक वेळा बार्बीच्या उंचीची असते, साधारण २९ सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या अंदाजे एक षष्ठांश. पूर्वी हाच उद्योग उलटा चालायचा, फॅशनची मासिकं नव्हती तेव्हा पॅरिसहून नव्या फॅशनचे कपडे घातलेल्या बाहुल्या दुसऱ्या देशांतल्या राजघराण्यांकडे जायच्या आणि त्या बघून तिथे खऱ्या बायकांचे ड्रेस बेतले जायचे.

चित्रं निवडताना नवखे लोक हटकून साटनकडे वळतात. फ्रेंच चित्रकार अँग्रचं १८५३ च्या सुमाराचं प्रिन्सेस द ब्रॉयचं पोर्ट्रेट बघा, निळं साटन असं चमकतं की हात लावून बघावंसं वाटतं. पण बाजारातलं साटन आणून शिवलं की बाहुलीचा घागरा पुठ्ठ्यासारखा उभा राहतो, कारण माप सहापट लहान केलं तरी कापडाची जाडी आणि ताठपणा तेवढाच राहतो, आणि कमरेत चुण्या घातल्या की तिथे नुसता गठ्ठा होतो. म्हणून जुनी मऊ सिल्कची साडी, मलमल किंवा ब्लाऊजपीसचं रुबिया व्हॉईल बरं. लेसचंही तेच, अर्ध्या सेंटिमीटरची लेस इथे तीन सेंटिमीटरची दिसते.

माझ्या मते सुरुवातीला सगळ्यात सोयीचं चित्र म्हणजे फ्रेंच चित्रकर्ती विजे ल ब्रुनने १७८३ मध्ये काढलेली फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत. अंगात पांढरा मलमलीचा सैल झगा, गळ्याला चुण्या, कमरेला झिरझिरीत पट्टा, डोक्यावर स्ट्रॉ हॅट. राणी आतल्या कपड्यांतच बसलीय अशी बोंब झाली आणि चित्र प्रदर्शनातून काढावं लागलं, मग त्याऐवजी सिल्कच्या ड्रेसमधलं, हातात गुलाब असलेलं दुसरं आलं. बाहुलीला मात्र तो बदनाम झगाच छान बसतो, गळ्यात नाडी ओवली की फिटिंगची निम्मी कटकट संपते. याउलट स्पॅनिश चित्रकार वेलास्केसच्या १६५६ च्या 'लास मेनिनास' या चित्रातली छोटी राजकन्या मार्गारिता, तिचा घागरा दोन्ही बाजूंना इतका रुंद आहे की आत तारेचा सांगाडा घातल्याशिवाय तो आकार येतच नाही.

पॅटर्न काढायला बाहुलीला आधी क्लिंग फिल्म गुंडाळतात, वरून मास्किंग टेप, त्यावर पेनने शिलाईच्या रेघा मारून कापतात आणि ते तुकडे कागदावर सपाट ठेवून चार-पाच मिलिमीटर मार्जिन सोडतात. टीप बारीक घालायची, नाहीतर उलटवताना धागे सुटतात.

पाठीची बाजू हा मोठाच प्रश्न, कारण पोर्ट्रेटमध्ये ती दिसतच नाही, मग त्या काळातल्या दुसऱ्या चित्रांवरून अंदाज बांधायचा. फ्रेंच चित्रकार वातोने १७२० मध्ये एका दुकानाच्या पाटीसाठी काढलेल्या चित्रात एक गुलाबी ड्रेसवाली बाई आपल्याकडे पाठ करून उभी आहे आणि खांद्यापासून खाली सुटलेल्या चुण्या स्वच्छ दिसतात, पण बाहुलीचा ड्रेस नेमका पाठीवरच उघडावा लागतो, त्यामुळे टिच बटणं त्या चुण्यांखाली लपवतात. आणि चित्रकार सार्जंटच्या १८८४ च्या 'मादाम एक्स' या पोर्ट्रेटमधल्यासारखा काळा ड्रेस करायचा असेल तर आतून पांढरं अस्तर लावाच, काळा रंग बाहुलीच्या अंगाला लागला की सहजी निघत नाही.