सुक्याबरोबर ओलंही जळतं, पण कुणाच्या जिवावर?

जळत्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाकडे कधी निरखून पाहिलंय? लाकूड ओलं असेल तर तिथे आधी बारीक बुडबुडे दिसतात, मग चुरचुरत फेस येऊ लागतो आणि मधूनच वाफेची पिचकारी सुटते. गंमत अशी, की हा फेस येतो तो कापलेल्या दोन तोंडांशी. सालीच्या बाजूने थेंबही गळत नाही. सरपण तोडण्या-फोडण्याचा नाद मला लागला तो त्या फेसामुळे; कुऱ्हाड नंतर आली.

उभ्या झाडाचं खोड म्हणजे मुळांकडून पानांकडे पाणी चढवणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्यांची जुडी. झाड पाडलं म्हणून त्या नळ्या रिकाम्या होत नाहीत. ताज्या लाकडाच्या वजनात अनेकदा निम्मं पाणीच असतं. त्यातलं काही नळ्यांच्या पोकळीत मोकळं असतं, ते त्यातल्या त्यात लवकर निघून जातं. बाकीचं नळ्यांच्या भिंतींत सेल्युलोजला धरून बसलेलं असतं, ते निघता निघत नाही. पोकळ्या कोरड्या, पण भिंती अजून गच्च भिजलेल्या, अशी एक अवस्था वाळताना येते. तेव्हा उरलेल्या पाण्याचं वजन कोऱ्या सुक्या लाकडाच्या साधारण ३० टक्के असतं. तिथवर ओंडका नुसता हलका होत जातो. आकसायला लागतो तो त्यानंतर, आणि तोही सगळीकडून सारखा नाही. वलयांच्या घेरात तो जितका आकसतो, त्याच्या साधारण निम्माच गाभ्याकडून सालीकडे आकसतो. लांबीत तर जवळजवळ नाहीच. ही ओढाताण सोसत नाही, म्हणून तोंडावर गाभ्यातून निघालेल्या, सायकलच्या आऱ्यांसारख्या भेगा उमटतात. त्या भेगा लक्षात ठेवा, कुऱ्हाड उचलल्यावर कामाला येतील.

‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ ही म्हण खरीच आहे. प्रश्न खर्च कुणाच्या खात्यावर पडतो, एवढाच आहे. एक किलो पूर्ण कोरडं लाकूड जळलं की साधारण १८ मेगाज्यूल उष्णता मिळते, आणि हा आकडा झाडागणिक फारसा बदलत नाही. (जड जातीचं लाकूड जास्त तापतं असं वाटतं, कारण आपण ते हातात धरून मोजतो, तराजूत घातलं की फरक बराचसा विरतो.) आता त्या किलोभर लाकडात किलोभर पाणी अडकलेलं आहे असं धरू. ते तापवून त्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल लागतात. म्हणजे मिळकतीचा सातवा हिस्सा. तोटा आहे, पण डोळे पांढरे व्हावेत असा नाही. हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा मी चक्रावलोच होतो. एवढ्याशा बचतीसाठी माणसं वर्ष-वर्ष लाकूड वाळवत बसतात?

मेख धुरात आहे. लाकूड तापलं की, ढोबळमानाने दोनशे अंश सेल्सियसच्या पुढे, त्याचं विघटन होऊन ज्वलनशील वायू आणि डांबरी वाफा बाहेर पडू लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असाच हवेत जातो. मागे उरतो तो कोळसा. आपण जिला ज्वाळा म्हणतो ती या वायूंची. आणि ते वायू पुरते जळायचे तर साधारण सहाशे अंशांचं तापमान हवं, शिवाय पुरेशी हवा. ओल्या लाकडात जिथे पाणी आहे तिथे तापमान शंभरापाशीच अडून बसतं, वर निघणारी वाफ ज्वाळेलाही थंड करते. परिणामी वायू निघतात खरे, पण न जळताच निसटतात. तो पांढरट, डोळे झोंबवणारा धूर म्हणजे वाया चाललेलं इंधन. धुराड्यात तो गार झाला की आतून डांबरासारखा थर बसतो, आणि पुढे कधीतरी कडक आग पेटवल्यावर तोच थर धुराड्यातच पेट घेतो. सातव्या हिश्श्याचा तोटा परवडला, असं म्हणायची पाळी येते.

तेव्हा कापणं, फोडणं, रचणं या तिन्ही कामांचा हेतू एकच: पाण्याला बाहेर पडायला वाट करून देणं.

लाकडात पाणी नळ्यांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, आडव्यापेक्षा १० ते १५ पट वेगाने सरकतं. शिवाय वाळायला लागणारा वेळ साधारणपणे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठ सेंटिमीटरच्या ओंडक्याचे तीस-तीसचे दोन केले, तर मधल्या पाण्याची तोंडापर्यंतची वाट निम्मी होते आणि त्या वाटेने लागणारा वेळ चौथाईवर येतो. करवतीचा एक जास्तीचा काप कधीच वाया जात नाही. यांत्रिक करवत वापरणार असाल तर एकच सांगतो: पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकू देऊ नका. टेकला की करवत उसळून थेट तुमच्याच अंगावर येते.

आता फोडणं, माझं आवडतं काम. साल ही झाडाची पाणी न झिरपू देणारी कातडी. तीस सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याला सालीचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटरचा. त्याच्या चार चिरफळ्या केल्या की कडेकडेने मोजून १२० सेंटिमीटर उघडं लाकूड नव्याने हवेला लागतं. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. मी गोल ओंडके तसेच जमिनीवर रचले आणि वरून खालपर्यंत प्लॅस्टिक गुंडाळलं. वर्षभराने उघडलं तर सालीखाली पांढरी बुरशी आणि कडेला छत्र्या उगवलेल्या! वजन मात्र पहिल्याइतकंच वाटत होतं.

लाकूड फुटतं ते कुऱ्हाडीच्या धारेने कमी आणि तिच्या पाचरेसारख्या आकाराने जास्त. धार फक्त तोंड उघडते. मागचं जाड पातं दोन बाजू रेटतं आणि चीर धारेच्या पुढे पळते. तंतू उभे असल्याने ते तोडावे लागत नाहीत, त्यांना चिकटवून ठेवणारं लिग्निन तेवढं सोडवायचं असतं. म्हणून आडवा तोडायला घाम काढणारा ओंडका उभा ठेवला की एका घावात ‘खट्’ करून दुभंगतो. घाव घालायचा तो त्या आऱ्यांसारख्या भेगांवर. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या किरणपेशींच्या पट्ट्या तिथे असतात, लाकूड मुळातच त्या पातळीत कच्चं असतं. ओंडका फार मोठा असेल तर मध्याचा हट्ट सोडून कडेकडेने ढलप्या काढाव्यात. गाठीच्या वाटेला जाऊ नये. गाठ म्हणजे खोडात रुतलेलं फांदीचं बूड, तिचे तंतू आडवे. कुऱ्हाड तिथे अशी रुतते, की मग ओंडक्यासकट उचलून आपटत बसावं लागतं.

नवशिके जड कुऱ्हाड निवडतात. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. जी कुऱ्हाड तुम्हाला वेगाने फिरवता येत नाही तिचं वजन फक्त तुमचे खांदे दुखवतं. ठोकळ्यावर ठेवून फोडा, पाय फाकून उभे राहा, म्हणजे नेम चुकला तर घाव ठोकळ्यात जाईल, नडगीवर नाही. डोळ्यांना चष्मा हवाच. आणि फोडायचं ते शक्यतो ताजं असतानाच: भिंतीतलं पाणी गेलं की लाकूड कठीण होत जातं, बहुतेक जाती मग हट्टाला पेटतात.

रचण्याबद्दल थोडक्यात. खाली दोन आडवी लाकडं टाकून रास जमिनीपासून उचलायची, वारा आरपार जाईल अशी. झाकायचं ते फक्त वरून. चारी बाजूंनी गुंडाळलं की आतली वाफ आतच राहते, माझा पहिल्या वर्षीचा प्रताप आठवा. हलक्या जाती सहा-आठ महिन्यांत तयार होतात, ओकसारख्या घट्ट जातींना एक-दोन वर्षं द्यावी लागतात. आणि लाकूड हवेपेक्षा कोरडं होत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर त्यातली ओल कोरड्या वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास थांबते, ८० टक्के असेल तर १६ च्या. जळणाला २० च्या खाली पुरतं, तेव्हा दमट हवेतही निराश व्हायचं कारण नाही.

झालंय का तयार, हे कळायचं कसं? तोंडावरच्या भेगांवर विसंबू नका, वरचा थर आधी वाळतो आणि भेगाळतो, आत ओल तशीच असते. दोन चिरफळ्या एकमेकींवर आपटल्या तर सुक्या खणखणीत वाजतात, ओल्या बद्द. दोन टोच्यांचं मीटर मिळतं, ते लाकडाचा विद्युतरोध मोजतं. ओल कमी होते तसा रोध प्रचंड वाढतो. पण ३० टक्क्यांच्या वर त्याच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, आणि टोचे बाहेरून लावले तर ते हमखास खोटं बोलतं. चिरफळी पुन्हा फोडायची आणि आतल्या ताज्या बाजूवर मध्यभागी टोचायचं. माझा सगळ्यात जास्त भरवसा साध्या वजनकाट्यावर आहे. राशीतल्या दोन-तीन चिरफळ्यांवर खूण करायची आणि दर महिन्याला त्यांचंच वजन करायचं. आकडा घसरायचा थांबला, की पाण्याने जायचं थांबवलं.

आणि मीटर खिशात असतानाही मी आधी नव्याने फोडलेली बाजू गालाला लावून पाहतो. उडून जाणारं पाणी उष्णता ओढून घेतं, त्यामुळे ओल असेल तर ती बाजू गार लागते. गेल्या खेपेला गाल चांगलाच गार पडला. मीटर लावलं, २६. चिरफळी परत राशीत सारली.